शाळा सुटली

माझ्या घरामागे जिल्हा परिषदेची शाळा आहे. परिपाठ सुरू झाला की राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार असं सगळं खिडकीतून घरात येतं. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, तेव्हा तर पहिल्या चहाबरोबरच पोरांचा गलका ऐकू येतो. ऐकता ऐकता मनात येतं, आपल्या भाषेत रोज सकाळी शाळा भरते. वर्गाचं कुलूप निघालं म्हणजे शाळा भरली असं कुणी म्हणत नाही. मुलं आली की भरते. आणि संध्याकाळी घंटा झाली की सुटते.

हाच शब्द आपण आणखी एका अर्थानं वापरतो. ‘तिची शाळा सातवीतच सुटली.’ घंटेनं सुटलेली शाळा उद्या पुन्हा भरणार असते. सातवीत सुटलेली बहुतेक वेळा पुन्हा भरत नाही. दोन्ही वाक्यांत सोडणारा मात्र कुणीच दिसत नाही. ओल्या हातातून पोहऱ्याचा दोर सुटावा, तशी ती आपली आपण सुटते. ऐकणारा हळहळतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. आज मला तिथंच थोडं थांबायचं आहे. दोर आपोआप सुटत नाही. हात भिजलेले असतात, नाहीतर दुसऱ्या टोकाला कुणीतरी जोरात ओढत असतं.

मी शिकलो ते गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या दिवशी गुरुजी हजेरी घ्यायचे. एक नाव, ‘हजर गुरुजी’. दुसरं नाव, काहीच नाही. तिसरं, काहीच नाही. मग मागून कुणीतरी सांगायचं, ‘कारखान्याला गेला, गुरुजी.’ गुरुजी वर न बघता खूण करायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. पाऊस जसा येतो-जातो, तशी ती मुलं येत-जात. कैऱ्या धरायच्या सुमाराला ती परतायची, उन्हानं रापलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे घेऊन. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असायची. माझ्या शेजारी बसणारा एकजण बेरीज-वजाबाकीत माझ्यापेक्षा तरबेज होता, पण भागाकारापाशी अडकला तो अडकलाच. वर्गात भागाकार शिकवला तेव्हा तो कुठल्यातरी फडात होता. पुढच्या वर्षी तो मागच्या रांगेत जाऊन बसला. त्याच्या पुढच्या वर्षी आलाच नाही. आम्ही म्हणालो, त्याची शाळा सुटली.

ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. टोळी नेणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात कधीच संपून जाते. ती फेडण्यासाठी दसरा-दिवाळीला गाव सोडायचं, ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर, काही टोळ्या थेट कर्नाटकात. उसाच्या रानाजवळ पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी उभी राहते. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात आणि कोपीत मुलं राहतात. धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, राखण करायची, उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करायचं. बारा-तेरा वर्षांचं झालं की तेच मूल मोळी उचलायला लागतं. कोयत्याच्या हिशोबात त्याचं नाव कुठंच नसतं, काम मात्र असतं.

यात आभाळाचा वाटा किती? पुष्कळ. डोंगरपट्ट्यातली हलकी जमीन, कोरडवाहू पिकं. पाऊस दगा देतो त्या वर्षी कोयत्यांची संख्या वाढते, आणि ज्यांनी आयुष्यात कधी कोयता धरला नव्हता तेही मुकादमाच्या दारात उभे राहतात. १९७२ चा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीनं पाहिला. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे आम्ही पाहिले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. आता तर पावसाची चालच बिघडली आहे. ऐन पेरणीनंतर तो महिनाभर ओढ देतो आणि पीक काढणीला आलं की दोन दिवसांत शेत खरवडून नेतो. एका गोष्टीचा मात्र आपण सगळ्यांनी शांतपणे विचार करायला हवा. ज्या मराठवाड्यातून माणसं पाण्यावाचून बाहेर पडतात, त्याच मराठवाड्यात सर्वांत जास्त पाणी पिणारा ऊस आपण वाढवत नेला. सगळा दोष आभाळाच्या माथी मारणं मला पटत नाही.

या मुलांची मोजदादही नीट होत नाही, कारण त्यांची नावं पटावर असतात. पटावर आहेत आणि वर्गात नाहीत. शाळाबाह्य मुलांच्या यादीत शोधलं तर सापडणार नाहीत, हजेरीत शोधलं तरीही सापडणार नाहीत. उपाय झाले नाहीत असं नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. मागं राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची योजना आली, आजी-आजोबांपाशी राहून दोन वेळचं जेवण शाळेकडून. जिथं ती वेळेवर सुरू झाली तिथं मुलं थांबली, हे मी पाहिलं आहे. पण टोळ्या गेल्यानंतर महिन्याभरानं वसतिगृह सुरू झालं तर त्यात राहायला उरतं कोण?

मुलींचं आणखी कठीण. वयात आलेली मुलगी कोपीवर एकटी ठेवायची भीती वाटते, गावी म्हाताऱ्यांच्या भरवशावर सोडायची भीती वाटते. मग लग्न उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं. बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या वर होतं. सातवीत सुटलेली शाळा आणि पंधराव्या वर्षीचं लग्न यांच्यामध्ये कोरडी गेलेली दोन नक्षत्रंसुद्धा असू शकतात.

दुष्काळात शाळा अशी हळूहळू सुटते. युद्धात ती एका रात्रीत हिसकावली जाते. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यानं सुमारे दीड वर्षात बंदुकीचा आणि पाण्याचा असे दोन्ही घाव सोसले. तिथल्या तालिबानी गटानं फर्मान काढलं की १५ जानेवारी २००९ नंतर मुलींनी शाळेत जायचं नाही. शाळांच्या इमारती त्याआधीपासूनच स्फोटांनी उडवल्या जात होत्या. मलाला युसूफझई तेव्हा अकरा वर्षांची होती आणि गुल मकई या टोपणनावानं बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहीत होती. मे महिन्यात लष्करी कारवाई सुरू झाली. स्वात आणि आसपासच्या भागांतून सुमारे वीस लाख लोक घरदार सोडून मर्दान, स्वाबीकडे निघाले. तिथं त्यांना ठेवायचं कुठं? शाळांमध्ये. म्हणजे स्वातच्या मुलांची शाळा बंदुकीनं गेली, आणि त्यांना आसरा देण्यात मर्दानच्या मुलांचे वर्ग गेले. लोक परतले, भिंती पुन्हा उभ्या राहू लागल्या, आणि २०१० च्या जुलैअखेर स्वात नदीला पूर आला. पूल गेले, रस्ते गेले. त्या वर्षी पाकिस्तानात जवळपास दोन कोटी लोकांना पुराची झळ बसली.

मलालाला २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये गोळी लागली, ती वाचली, आणि जगानं तिचं म्हणणं ऐकलं. ते ऐकायलाच हवं होतं. माझ्या मनात मात्र तिच्या खोऱ्यातल्या दुसऱ्या मुली येतात. त्यांच्यावर कुणी गोळी झाडली नाही. शाळेकडे जाणारा पूल वाहून गेला, तो वर्ष-दोन वर्षं झाला नाही, तोवर त्या मोठ्या झाल्या.

२०२२ मध्ये पुन्हा पूर आला, या वेळी सिंध आणि बलुचिस्तानात सर्वांत भीषण. तीन कोटी तीस लाख लोक बाधित. युनिसेफच्या अंदाजानुसार सुमारे २७ हजार शाळांची पडझड झाली. सिंधच्या सपाट मुलखात पाणी ओसरायला काही ठिकाणी महिने लागले. ज्या शाळा पाण्याबाहेर होत्या त्यांतल्या कित्येकींत बेघर माणसं उतरलेली होती.

संकट कोणतंही येवो, आपण सर्वांत आधी शाळेकडेच पाहतो. गावात पक्की, उंचावरची, मोठ्या खोल्यांची इमारत तेवढीच असते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना शाळांनीच आसरा दिला आणि तो द्यायलाच हवा होता. बुडणाऱ्या माणसाला वर्गाचं दार बंद ठेवा असं कोण म्हणेल? प्रश्न पुढचा आहे. घेतलेली शाळा परत कधी द्यायची, याची तारीख कुणी ठरवत नाही. पुरात ती काही दिवसांनी मोकळी होते. संघर्षात मात्र तिला वर्षानुवर्षं कुणी वाली राहत नाही. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये काय झालं ते आठवावं. २००५ पासून, माओवाद्यांविरुद्ध उभ्या केलेल्या सलवा जुडूमच्या काळात, गावंच्या गावं उठली. काही शाळांत सुरक्षा दलांचा मुक्काम पडला. पक्क्या इमारती दलांच्या कामी येतात म्हणून माओवाद्यांनी त्या फोडल्या. शाळा दलांनी रिकाम्या कराव्यात असं सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये सांगावं लागलं. नंतर बांबू आणि प्लायच्या तात्पुरत्या निवासी शाळा उभ्या राहिल्या, आणि लहान लहान मुलं घरापासून दूर तिथं राहून शिकली. ज्या इमारतीत छप्पर टिकलं त्या इमारतीत मुलं नव्हती आणि मुलं होती तिथं बांबूची भिंत. दोन्ही बाजूंनी त्या मुलांच्या नावानं लढतो असंच सांगितलं होतं.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिसेफनं सांगितलं की तिथली एक कोटी नव्वद लाख मुलं शाळेबाहेर आहेत. महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांतली सगळी मुलं एकत्र केली तर होणारी संख्या साधारण त्याच घरातली आहे. एका सकाळी आपल्या राज्यातली एकही शाळा भरली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पुढच्या वर्षीही नाही, असं मनात आणून पाहावं. खार्तूममधून निघालेली कित्येक कुटुंबं तांबड्या समुद्राकाठच्या पोर्ट सुदानला आली आणि तिथल्या शाळांतही राहिली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच शहराला पाणी पुरवणारं अरबात धरण अतिवृष्टीनं फुटलं. लढाईपासून पळून आलेल्यांना तिथंही आभाळानं गाठलं. तरी त्याच डिसेंबरात, युद्ध सुरू झाल्यानंतर पहिल्यांदाच, बारावीसारखी शालान्त परीक्षा घेतली गेली. दीड वर्षं वह्या सांभाळून बसलेली मुलं परीक्षेला बसली. ज्यांच्या भागापर्यंत परीक्षा पोचलीच नाही, ती मुलं आणखी थांबली.

आणि शेजारच्या दक्षिण सुदानमध्ये शाळा बंद पडली ती नुसत्या उन्हानं. २०२४ च्या मार्चमध्ये पारा ४५ अंशांकडे निघाला म्हणून सरकारनं शाळा बंद ठेवल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत राजधानी जुबामध्ये मुलं वर्गात चक्कर येऊन पडू लागली म्हणून पुन्हा दोन आठवडे बंद. कित्येक शाळांना वर पत्रा आहे, वीज नाही, पंखा कुठला! पत्र्याखालचा वर्ग कसा तापतो हे आपल्याकडच्या गुरुजींना वेगळं सांगायला नको. आपण उन्हाळ्यात शाळा सकाळची करतो, हा शहाणपणा जुना आहे. पण सकाळही तापायला लागली तर? युनिसेफच्या अहवालानुसार २०२४ या एका वर्षात किमान ८५ देशांतल्या २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांचं शिक्षण हवामानाच्या माऱ्यानं खंडित झालं, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा उष्णतेच्या लाटांचा होता.

अशा वेळी लोक म्हणतात, आधी भाकरी, मग पुस्तक. भुकेल्या माणसासमोर याचा प्रतिवाद करू नये. पण मला ही मांडणी मुळात चुकीची वाटते. छावणीत शाळा भरली तर मुलाला दिवसातून एकदा जेवण मिळतं, कुणीतरी त्याचं नाव पुकारतं, आणि ते आलं नाही तर आज हे मूल कुठं गेलं असा प्रश्न विचारला जातो. हा प्रश्न विचारणारं कुणी नसतं, तिथंच मुलाच्या हातात बंदूक येते, मुलीचं लग्न लागतं, मोळी डोक्यावर येते. म्हणून हजेरीला मी भाकरीइतकंच महत्त्वाचं मानतो. तरीही जगभरच्या आपत्कालीन मदतीतला शिक्षणाचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच राहत आला आहे.

ज्यांनी दोर धरून ठेवला तेही सांगायला हवेत. बांगलादेशात चलन बिलच्या पाणथळ भागात मोहम्मद रेझवान या वास्तुविशारदानं २००२ मध्ये होडीत शाळा सुरू केली. पावसाळ्यात तिथं रस्ते पाण्याखाली जातात. मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा मुलांकडे गेली. होडी काठाकाठानं फिरते, मुलांना घेते, एका जागी थांबते. तिथंच फळा, पुस्तकं आणि छपरावरच्या सौरपट्ट्यांवर चालणारा दिवा. वर्ग संपला की तीच होडी प्रत्येकाला त्याच्या काठावर सोडते. युक्रेनच्या खार्किव शहरानं २०२३ च्या सप्टेंबरपासून भुयारी मेट्रोच्या स्थानकांत वर्ग भरवले, कारण रशियाची सीमा इतकी जवळ की भोंगा वाजेपर्यंत क्षेपणास्त्र येऊन पडतं. पुढच्या वर्षी तिथं जमिनीखाली खास शाळाच बांधली. दोन्ही ठिकाणी माणसांनी वाट पाहिली नाही. पूर ओसरेल, युद्ध थांबेल, मग बघू, असं म्हटलं नाही. मुलाचं तिसरीचं वर्ष एकदाच येतं, हे त्यांनी ओळखलं.

सुदानचं युद्ध थांबवणं आपल्या हातात नाही. पण तुम्ही साखर कारखान्याच्या परिसरात राहत असाल, तर एक काम आहे. गळीत हंगाम सुरू झाला की तुमच्या शिवारात कोप्या पडतील. एखाद्या सकाळी तिकडे चक्कर टाका. सहा ते चौदा वयाची किती मुलं आहेत ते पाहा, त्यांच्या आईबापांशी बोला, आणि त्या मुलांना घेऊन जवळच्या शाळेत जा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे वर्षाच्या मध्यावरही प्रवेश द्यावा लागतो. दाखला आलेला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही, म्हणून मुलाला दारातून परत पाठवता येत नाही. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे सांगा. बहुतेकांना ते ठाऊक असतं, फक्त मुलाचा हात धरून कुणी आलेलं नसतं. आणि तुम्ही गुरुजी किंवा बाई असाल, तर दिवाळीनंतरच्या पहिल्या हजेरीत ज्या नावापुढे ‘हजर’ ऐकू येणार नाही, तिथं खूण करून पुढं जाऊ नका. ते मूल कुठल्या कारखान्याला गेलं ते विचारा, आणि तिथल्या शाळेला फोन करा.